उपाशी ठेवा, सुखी ठेवा
(मांसाहारी झाडं पाळू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांच्या हातून तुळस जगत नाही, मनीप्लांटही मान टाकतो आणि तरीही ज्यांना नर्सरीतून रिकाम्या हाताने परतता येत नाही, अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांच्या हातून मात्र काठी रोवली तरी पालवी फुटते, त्यांनी ती दोनदा वाचावी. धोका त्यांनाच जास्त आहे. का, ते तिसऱ्या पायरीवर कळेल.

आधी भीती घालवू. जगात मांसाहारी वनस्पतींच्या सुमारे ८०० जाती आहेत आणि त्यांतल्या एकीनेही आजवर माणूस खाल्लेला नाही. १८७४ साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्राने मादागास्करमधल्या नरभक्षक झाडाची साग्रसंगीत बातमी छापली होती. ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बनावट होती. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर खरंखुरं पुस्तक काढलं. बातमी अजून फिरते आहे. पुस्तक वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

याच्या उलट, माणसाने मारलेल्या मांसाहारी झाडांची संख्या प्रचंड असणार. बहुतेक सगळी प्रेमाने मारली गेली. तुमच्या हातून हे पाप कमीत कमी व्हावं, एवढाच या पुढल्या पायऱ्यांचा उद्देश.

पायरी १ : हेतू तपासा

‘घरात डास फार झालेत’ हा हेतू असेल तर इथेच थांबा आणि मच्छरदाणी आणा. व्हीनस फ्लायट्रॅप नावाचं जे प्रसिद्ध झाड आहे, त्याचा एक सापळा एक किडा पकडला की साधारण ५ ते १२ दिवस बंद राहतो. तेवढ्या वेळात त्याचं एक जेवण होतं. अशी तीन-चार जेवणं झाली की तो सापळा काळा पडून गळतो. एका झाडावर सात-आठ चालू सापळे धरले तरी महिन्याचा हिशेब किती होतो, तो तुम्हीच करा, आणि तेवढेच डास तुमच्या न्हाणीघरात एका संध्याकाळी असतात हेही आठवा. शिवाय या झाडाच्या मूळ गावी त्याच्या सापळ्यांत सापडतात ते मुख्यतः कोळी, मुंग्या आणि भुंगेरे. उडणारी गिऱ्हाइकं थोडी. रॅकेटचं काम रॅकेटलाच करू द्या.

‘आल्यागेल्याला दाखवायला’ हा हेतू प्रामाणिक आहे. त्याला हरकत नाही.

‘कुतूहल’ हा हेतू असेल तर मात्र तुमची केस गंभीर आहे. पुढे वाचा.

पायरी २ : रोप निवडा

नवशिक्याची नजर पहिल्यांदा व्हीनस फ्लायट्रॅपवरच जाते. हे झाड जगात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनात, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या ओल्या माळरानांवर आपोआप उगवतं. १७६८ मध्ये जॉन एलिस या इंग्रज व्यापाऱ्याने त्याचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसला लिहून कळवलं आणि हे झाड किडे मारून खातं असंही सुचवलं. झाडाने प्राणी खावा ही गोष्ट लिनियसच्या काही पचनी पडली नाही. त्यामुळे तुमच्या सासूबाईंना ती पटली नाही तर त्यांना दोष देऊ नका. त्या चांगल्या संगतीत आहेत.

दुसरं रोप ड्रॉसेरा. याच्या पानांवर केसांसारखे तंतू असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. किडा बसला की चिकटतो, मग तंतू हळूहळू त्याच्यावर वाकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातला ड्रॉसेरा केपेन्सिस हा यांतला सर्वांत सोशिक. जाणते लोक त्याला तण म्हणतात, कारण तो आपलं बी शेजारच्या कुंड्यांत परस्पर पेरतो. नवशिक्याला तणाइतकं उपयोगी रोप दुसरं नाही.

तिसरी घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस. पानाच्या टोकाला लोंबता घट, त्यावर झाकण, आत पाचक रस. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत टांगलेली दिसते ती बहुधा ‘व्हेंट्राटा’ नावाची संकरित घटपर्णी. दमट हवेत, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात, ती बरी नांदते.

चौथी युट्रिक्युलेरिया. शिकारी म्हणून ही सगळ्यांत वरचढ. पाण्यात किंवा ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की पिशवीचं दार उघडतं आणि तो आत ओढला जातो, तेही एका मिलिसेकंदाहून कमी वेळात. अडचण एवढीच की हे सगळं मातीखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात घडतं. पाहुण्यांना दाखवायला तुमच्याकडे फक्त ओली माती आणि नखाएवढं फूल उरतं. ही वनस्पती श्रद्धावानांसाठी आहे.

महत्त्वाची सूचना : इंटरनेटवर निळ्या, काळ्या आणि सप्तरंगी फ्लायट्रॅपचं बी मिळतं. घेऊ नका. फ्लायट्रॅप हिरवा असतो, लाल असतो, किंवा हिरवा आणि लाल असतो. निळं बी पेरलं तर त्यातून अनुभव उगवतो, आणि नशीब थोर असेल तर गवत. खऱ्या बियांपासूनही पूर्ण वाढलेलं झाड व्हायला ३ ते ५ वर्षं लागतात. वाढलेलं रोपच घ्या.

पायरी ३ : माती निकृष्ट द्या

ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत कठीण पायरी आहे, कारण ती आपल्या संस्कारांच्या विरुद्ध जाते.

मराठी घरात झाडावर प्रेम करण्याची रीत ठरलेली आहे. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण, आणि फारच जीव जडला तर ताक. यांतली एकही वस्तू मांसाहारी झाडाच्या कुंडीत जाता कामा नये. गेली तर पंधरवड्यात झाड काळवंडू लागेल आणि तुम्ही ते अशक्त दिसतंय म्हणून आणखी एक चमचा खत घालाल. इथून पुढचं सांगायला नको.

कारण असं : ही झाडं मांस खातात ती चैन म्हणून नव्हे. ती जिथे वाढली त्या दलदलींत, वाळूत आणि कातळांवर नायट्रोजन आणि फॉस्फरस जवळजवळ नाहीच. मुळांना काही मिळेना, म्हणून पानांनी धंदा सुरू केला. मुळांना मेजवानीची सवय नाही, खारट किंवा सकस मातीत ती जळतात. हजारो पिढ्यांच्या गरिबीवर पोसलेलं हे घराणं आहे. त्याला श्रीमंती सोसत नाही.

तेव्हा फ्लायट्रॅप आणि ड्रॉसेरासाठी पीट मॉस आणि परलाइट, दोन्ही सारखे किंवा पीट थोडं जास्त, असं मिश्रण करा. पाकिटावर ‘पोषणद्रव्ययुक्त’ असं अभिमानाने छापलेलं असेल तर ते पीट दुसऱ्या कोणाला तरी भेट द्या. कोकोपीट स्वस्त आणि आपल्या किनाऱ्याचंच, पण त्यात बरेचदा मीठ मुरलेलं असतं. वापरायचंच असेल तर शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन घ्या. कुंडी प्लॅस्टिकची. मातीची कुंडी दिसते छान, पण तिच्यातून क्षार झिरपतात.

कुंडीवर मोठ्या अक्षरांत ‘खत घालू नये’ अशी चिठ्ठी लावा. शेजारच्या काकू तुम्ही गावाला गेलात की झाडांना पाणी घालायला येतात आणि येताना गांडूळखताची पिशवी घेऊन येतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो. पिशवीही चांगली असते.

पायरी ४ : पाणी मोजून द्या

मांसाहारी झाडांचे लोक एकमेकांना भेटले की हवापाण्याची चौकशी करत नाहीत, पाण्याचीच करतात. ‘टीडीएस किती?’ हा त्यांचा रामराम. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं हे माप. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. तुम्हाला चालतं. झाडाला साधारण ५० च्या वर नको असतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी पुष्कळदा शेकड्यांत असतं. ते काही आठवडे घातलं की झाड तक्रार न करता निघून जातं.

तेव्हा आधी टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढं यंत्र, काही शे रुपयांना मिळतं. ते हाती आलं की तुम्ही घरातलं सगळं मोजाल : नळाचं पाणी, माठातलं पाणी, शहाळ्याचं पाणी, वरणाचं पाणी. हा टप्पा सर्वांना येतो आणि जातो.

शुद्ध पाणी मिळवण्याचे मार्ग असे :

पावसाचं पाणी. सर्वोत्तम आणि फुकट. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे प्रश्न पाण्याचा नसून पिंपाचा आहे. पहिल्या सरी धूळ धुऊन आणतात, त्या सोडून द्या.

आरओचं पाणी. चालतं, पण मोजून. घरच्या बऱ्याच यंत्रांत चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळण्याची सोय असते. माणसाला ती चव आवडते, झाडाला नाही.

बॅटरीचं पाणी. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर. दुकानदाराला ‘पाणी’ म्हणून स्पष्ट सांगा. शेजारच्या कॅनमध्ये अ‍ॅसिड असतं, आणि तेवढा मांसाहार कोणत्याच झाडाला झेपत नाही.

एसीचं पाणी. नळीतून टपटप पडणारं. क्षार जवळजवळ नसतात, धूळ असते. मीटर लावून बघा. यामुळे घरात एसी लावायला आणखी एक कारण मिळतं, ते विजेच्या बिलाच्या दिवशी सांगायला उपयोगी पडतं.

पाणी वरून ओतू नका. कुंडी ताटलीत ठेवा आणि ताटलीत बोटभर पाणी असू द्या. झाड खालून पितं. घटपर्णीचा मात्र अपवाद आहे. तिची मुळं पाण्यात उभी राहिली तर कुजतात. तिचं मिश्रण मोकळं हवं (स्फॅग्नम शेवाळ, परलाइट, धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोळसा), पाणी वरून आणि निथळून जाणारं.

आता यातली खरी गंमत. तुम्ही डास खाणारं झाड म्हणून फ्लायट्रॅप आणलात. त्याच्याखाली पाण्याने भरलेली ताटली ठेवलीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालायला अशीच स्वच्छ, साचलेली ताटली शोधत असतो. अंड्यापासून उडता डास व्हायला त्याला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन येतील, ताटलीत डोकावतील आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतील. ‘हे झाडच डास खातं’ हा बचाव आजवर कोणाचा चाललेला ऐकिवात नाही. आठवड्यातून एकदा ताटली ओतून, घासून, पुसून त्याच तासात पुन्हा शुद्ध पाण्याने भरा. पालिकेचा कोरडा दिवसही पाळला जातो, झाडही तहानत नाही.

पायरी ५ : ऊन द्या

शिकारी झाडं सावलीत, दमट अंधारात, वटवाघळांच्या सोबतीत वाढतात ही समजूत सिनेमांनी करून दिली आहे. प्रत्यक्षात फ्लायट्रॅपला रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, कुलदैवताच्या फोटोशेजारी तो शोभून दिसतो आणि तिथेच मरतो. गॅलरीच्या कठड्यावर ठेवा. ऊन पुरेसं मिळालं की सापळे आतून लाल होतात आणि ड्रॉसेराचे थेंब चमकतात. नर्सरीतून आणलेलं रोप मात्र एकदम उन्हात नेऊ नका, आठवडाभर हळूहळू सवय लावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी लावावी. तिथलं ऊन हा वेगळा प्राणी आहे, तो झाडालाच खातो.

पायरी ६ : जेवण वाढू नका

मांसाहारी झाड आणल्यावर पहिला आठवडा घरातली मुलं काय करतात? रिफिलच्या टोकाने सापळे मिटवतात. दुसऱ्या आठवड्यात मोठी माणसं तेच करतात, फक्त मुलं शाळेत गेल्यावर.

हे थांबवण्यासाठी यंत्रणा समजून घ्या. सापळ्याच्या प्रत्येक पाकळीवर आतून बहुधा तीन बारीक केस असतात. एका केसाला एकदा धक्का लागला तर काही होत नाही, वाऱ्याने पडलेली काडी असेल. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला की सापळा मिटतो, सेकंदाच्या दहाव्या भागात. मिटल्यावरही झाडाचा विश्वास बसत नाही. आतला किडा धडपडत राहिला, आणखी धक्के बसले, तरच पाचक रस सुटतात. झाड हे धक्के मोजतं, असं जर्मनीतल्या व्युर्त्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं. मिटण्याला शक्ती खर्च होते, आत काही नसेल तर सापळा दिवसभराने उघडतो, आणि प्रत्येक सापळ्याचं आयुष्य अशा मोजक्याच वेळा मिटण्याचं असतं. रिफिलने तुम्ही तेच खर्च करता.

‘मग त्याला खाऊ काय घालायचं?’ काही नाही. गॅलरीत ठेवलेलं झाड स्वतःचं बघून घेतं. अन्न ते इतर झाडांसारखं उन्हातून तयार करतं. किडा हा त्याचा पोटभर भात नाही, लोणच्याची फोड आहे. महिनोन्‌महिने किडा मिळाला नाही तरी ते मरत नाही, फक्त हळू वाढतं. या कारणाने शुद्ध शाकाहारी घरांतही त्याला निःसंकोच ठेवता येतं. कडक घरांत चातुर्मासापुरती जाळी लावून त्याला श्रावण पाळायला लावता येईल. मात्र आपल्याकडचे रानातले ड्रॉसेरा नेमके श्रावण-भाद्रपदातच भरात असतात, हे घरी कोणाला सांगू नका.

पनीर, चीज, अंडं, खिमा, कोळंबी यांपैकी काहीही सापळ्यात घालू नये. सापळा सडेल. अगदी राहवतच नसेल तर माशांच्या दुकानात (शोभेच्या, बाजारातल्या नव्हे) मिळणारे वाळलेले ब्लडवर्म पाण्यात भिजवून, सापळ्याच्या एक तृतीयांशाहून लहान घास करून, महिन्यातून एकदा, एकाच सापळ्यात ठेवा. मेलेला घास हलत नाही, म्हणून सापळा मिटल्यावर तो बाहेरून हलकेच चोळा, म्हणजे झाडाची खात्री पटेल. आपण एका झाडाला फसवण्यासाठी मेलेल्या अळीला जिवंत असल्याचं नाटक करायला लावतो आहोत, हे या क्षणी लक्षात येतं. चोळत राहा.

इथे डार्विनचा दाखला देण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने ड्रॉसेराला कच्चं मांस, दूध, अंड्यातला पांढरा बलक, मूत्र, काचेचे कण, एवढंच काय, नागाचं विषही देऊन पाहिलं. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहून हलका केसाचा तुकडाही तंतूला कळतो आणि पावसाचा थेंब मात्र तो दुर्लक्षितो, हे त्याने नोंदवलं. पण हे सगळं तो कित्येक वर्षं, टिपणं ठेवत करत होता. सुरुवात १८६० मध्ये झाली, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ छापून वर्षही झालं नव्हतं, आणि जगभर वाद पेटलेला असताना हे गृहस्थ ड्रॉसेरात बुडालेले. हा आता या झाडाला प्राणी ठरवूनच थांबणार बहुतेक, अशा आशयाचं त्याची बायको एमा हिने एका मैत्रिणीला पत्रातून कळवलं होतं. घरच्यांची प्रतिक्रिया तेव्हापासून बदललेली नाही.

पायरी ७ : झोपू द्या

फ्लायट्रॅप थंड हिवाळ्याच्या प्रदेशातला. वर्षातून तीन-चार महिने त्याला थंडीत झोप लागते, म्हणजे लागायलाच हवी. पुणे, नाशिक, महाबळेश्वर इकडचे लोक डिसेंबरमध्ये कुंडी गॅलरीत ठेवून मोकळे होतात. सापळे लहान होतील, काही काळे पडतील. घाबरू नका, फेकू नका, पाणी थोडं कमी करा.

मुंबईकरांना थंडी विकत घ्यावी लागते. झाड कुंडीतून काढा, काळी पानं छाटा, मुळं ओल्या स्फॅग्नम शेवाळात गुंडाळा, बुरशीनाशकाची चिमूट टाका आणि झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. महिन्यातून एकदा उघडून बुरशी आली नाही ना, पाहा. पिशवीवर नाव लिहा. कोथिंबिरीशेजारी असलेल्या हिरव्या, मुळांसकट गुंडाळलेल्या, ओलसर वस्तूचं भवितव्य स्वयंपाकाच्या घाईत कोणाच्या हाती असेल, सांगता येत नाही. ही व्यवस्था घरच्यांना आधी समजावून सांगणं, हीच या छंदातली सर्वांत अवघड शिकार.

केप ड्रॉसेरा आणि घटपर्णी झोपत नाहीत. म्हणूनच मुंबईकर नवशिक्याने फ्लायट्रॅपने सुरुवात करू नये. तरीही तो करतोच.

पायरी ८ : लक्षणं आणि निदान

एक सापळा काळा पडला. निदान : म्हातारपण. कात्रीने कापा.

ड्रॉसेराचे थेंब नाहीसे झाले. निदान : ऊन कमी, हवा कोरडी, किंवा नुकतंच घर बदललं. दोन-तीन आठवडे वाट पाहा. रोज जागा बदलू नका.

घटपर्णीला नुसती पानं, घट नाहीत. निदान : उजेड किंवा दमटपणा कमी. घटांत वरून पाणी भरून ती वाढत नाही. प्रवासात आतला रस सांडला असेल तरच थोडं शुद्ध पाणी घाला.

फ्लायट्रॅपला उंच दांडा येऊन कळ्या धरल्या. निदान : लग्नाचं वय. फूल सापळ्यांपासून इतकं उंच असतं की परागण करणारे कीटक जेवणात जाऊ नयेत. दुबळ्या झाडाला फुलणं महागात पडतं, म्हणून दांडा लवकर कापा.

कीटकभक्षी झाडाला मावा लागला. निदान : नियतीचा विनोद. झाड दिवसभर शुद्ध पाण्यात बुडवून ठेवा. हसू नका, त्यालाही कमीपणा वाटत असेल.

सगळं झाड एकदम काळं. निदान : खत. घातलं कोणी, याची चौकशी करा. काकूंपासून सुरुवात करा.

पायरी ९ : संग्रह वाढवा, किंवा वाढेल

एक रोप जगलं की दुसरं येतंच. केप ड्रॉसेराचं पान कापून डिस्टिल्ड वॉटरमध्ये तरंगत ठेवलं तर काही आठवड्यांत त्यावर पिल्लं फुटतात. पिल्लं मित्रांना द्याल, बदल्यात त्यांची घ्याल, गॅलरीतले कपडे वाळत घालायच्या दोऱ्या एकेक करून घटपर्णीच्या टांगत्या कुंड्यांकडे जातील.

मग उंच डोंगरांवरच्या जाती खुणावू लागतात. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची नेपेंथिस राजा, जिच्या घटात दोन लिटरहून जास्त पाणी मावतं. किंवा तिथलीच नेपेंथिस लोवाय. तिच्या झाकणावरचा गोड स्राव चाटायला छोटे वृक्षचिचुंदर येतात आणि चाटता चाटता घटात शौच करून जातात. झाडाला बराचसा नायट्रोजन त्यातूनच मिळतो. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर तिचा भाव संग्राहकांत घसरला नाही, हे त्या लोकांबद्दल पुरेसं सांगून जातं. या झाडांना रात्री थंडी लागते. ठाण्यात त्यांच्यासाठी बेडरूममध्ये एसी लागेल आणि घरची माणसं हॉलमध्ये पंख्याखाली झोपतील.

हे वेड नवं नाही. इंग्लिश चित्रकर्ती मॅरिअन नॉर्थ हिने १८७६ मध्ये बोर्निओतल्याच सारावाकात एका अनोळखी घटपर्णीचं चित्र काढलं. ते लंडनला पोहोचल्यावर व्हीच नावाच्या बड्या नर्सरीने ती शोधायला चार्ल्स कर्टिस या आपल्या माणसाला समुद्रापार पाठवलं, आणि त्याने ती शोधून आणली. तिला नाव मिळालं नेपेंथिस नॉर्थियाना. एका चित्रावरून जहाजाचं तिकीट काढणारे लोक तेव्हाही होते. तुम्ही मध्यरात्री मोबाइलवर रोप मागवता, एवढाच फरक.

पायरी १० : रानाला हात लावू नका

शेवटची पायरी थट्टेची नाही.

आपल्या इथेही ही झाडं आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर दवबिंदू आणि गवती दवबिंदू हे ड्रॉसेरा वाढतात. सप्टेंबरमध्ये जो जांभळा गालिचा पाहायला गाड्यांची रांग लागते, त्यात सीतेची आसवं, म्हणजे युट्रिक्युलेरिया, मोठ्या संख्येने असते. लोक फुलांसोबत फोटो काढतात. पायाखालच्या ओल्या मातीत असंख्य पिशव्या त्या वेळी जेवत असतात. कोकणातल्या सड्यांवर आणि गोव्यातल्या कातळांवरही पावसाळ्यात ही मंडळी दिसतात. कातळावर मातीचा थर इंचभर, पोषण नाममात्र, पाऊस मुबलक : तिसऱ्या पायरीत सांगितलेली गरिबी इथे जशीच्या तशी पाहायला मिळते.

ती उपटून आणून कुंडीत लावू नका. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे, आणि तिथून रोप काढणं हा गुन्हा आहे. ते व्यवहारातही फसतं. यांतली बरीच झाडं एका पावसाळ्याची असतात. उपटून आणलेलं रोप दिवाळीपर्यंत तसंही जाणार, फक्त पठारावर पडायचं बी तुमच्या गॅलरीत पडणार. भारतातली एकमेव देशी घटपर्णी, मेघालयातली नेपेंथिस खासियाना, हिच्यामागे संग्राहक आणि खाणी दोन्ही लागले. आज तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि जंगलातून काढलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. फ्लायट्रॅपच्या मूळ गावीही हीच गोष्ट : चोऱ्या इतक्या वाढल्या की २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने रानातला फ्लायट्रॅप उपटणं तुरुंगात नेणारा गुन्हा ठरवला. कुंडीत तो लाखोंनी वाढवला जातो, रानात उरला आहे तो थोडा.

म्हणून विकत घेताना एकच प्रश्न विचारा : रोप कुठे वाढवलेलं आहे? नर्सरीत किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेलं असेल तर घ्या. ‘थेट जंगलातलं’ असं कौतुकाने सांगितलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. पहिलं रोप केप ड्रॉसेराचं घ्या, पावसाचं पाणी साठवा, खताची पिशवी गुलाबाला द्या. आणि सप्टेंबरात कासला जाल तेव्हा पायवाटेवरूनच चाला, गुडघ्यावर बसून बघा, आणि रिकाम्या हाताने परत या.